रिकाम्या बर्फाची एकतीस वर्षं

कॉपर पॉइंट, मिशिगन
४ ऑक्टोबर १९६७

ओन्नी बाळा,

तुझी व्हिएनो मावशी अजून जिवंत आहे, एवढं कळवायला हे पत्र. गेले दोन नाताळ तुझं छापील कार्ड आलं, खाली नुसती सही. ती सहीसुद्धा शिक्क्याची असावी असा मला दाट संशय आहे. असो. मी भांडायला बसलेली नाही, मागायला बसले आहे, तेव्हा गोड बोलते.

आपल्या कॉलेजचा बर्फावरच्या हॉकीचा संघ यंदा जबरदस्त आहे. शेजारच्या गावच्या टेलिव्हिजनवाल्यांनी सांगितलंय की दोन कॅमेरे आणि दिवे घेऊन येतो, दोन सामने थेट दाखवतो, पण खर्च कुणीतरी उचलायला हवा. आम्ही समितीच्या बायका दारोदार हिंडलो. बँकेने गोड हसून दार लावलं. निकुला वाण्याने सॉसेजच्या दोन पेट्या देऊ केल्या. सॉसेजवर कॅमेरा चालत नाही म्हणे.

मग मला आठवलं की माझा भाचा मिलवॉकीला डॅलबर्ग बूट कंपनीत जाहिरातीचा मुख्य आहे. ऑक्टोबर ते मे हे अख्खं गाव तुमच्याच बुटात उभं असतं रे. खाण बंद पडली तरी लोकांनी बूट घ्यायचे सोडले नाहीत. आता तुमच्या साहेबांनी गावासाठी एवढं करावं.

नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या हाताने लिही.

तुझी,
व्हिएनो मावशी

ता.क. तुझे बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

*

मिलवॉकी
१३ ऑक्टोबर १९६७

मावशी,

हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर तक्रार करू नकोस.

तू गावासाठी मागते आहेस असं म्हणतेस. तू गावासाठी काही मागायला लागलीस की त्यामागे एक माणूस असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. कोण आहे ते सांग. बाबांनी सांगितलं असेल तर विषय इथेच संपला.

तुला आठवत असेल, मला तर आठवतंच. पंचावन्न सालचा शेवटचा सामना, पालकांचा दिवस. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाचे आईबाप बर्फावर येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. आई तर नव्हतीच. माझ्या शेजारी तू एकटी, तुझा तो हिरवा कोट घालून. बाबा त्याच इमारतीत, बरोबर आमच्या पायाखाली, यंत्राच्या खोलीत होते. चौदा पायऱ्या. चार वर्षांत त्यांनी माझा एक सामना पाहिला नाही, आणि त्या दिवशी दहा मिनिटांसाठी चौदा पायऱ्या चढले नाहीत. मी त्या रात्री सामान बांधलं ते तुला माहीत आहे.

तेव्हा मावशी, त्या इमारतीसाठी माझ्याकडून कशाची अपेक्षा करायची ते तूच ठरव.

ओन्नी

*

कॉपर पॉइंट
२० ऑक्टोबर १९६७

ओन्नी,

पकडलंस मला. माणूस आहे, आणि तो तुझे बाबाच. पण त्यांनी मला काही सांगितलेलं नाही. ते मला ‘मीठ दे’ एवढंसुद्धा सांगत नाहीत, उठून घेतात.

ऐक आता. एप्रिलमध्ये बर्फ गोठवणारी ती जुनी यंत्रं काढणार. नवी येतील ती आपोआप चालणारी, त्यांच्याजवळ माणूस बसवावा लागत नाही. तुझ्या बाबांना निरोप. मी समितीत हे ऐकलं आणि घरी येऊन हिशेब मांडला. ओन्नी, तू म्हणतोस त्यांनी तुझा सामना पाहिला नाही. अरे, त्या माणसाने एकतीस वर्षांत कुणाचाच सामना पाहिलेला नाही. खेळ चालू की ते खाली, कारण माणसांच्या गर्दीने हवा तापते आणि यंत्र तेव्हाच जपावं लागतं. खेळ थांबला की ते गरम पाण्याची गाडी घेऊन वर येतात, बर्फ गुळगुळीत करतात आणि मुलं परत यायच्या आत खाली. एकतीस वर्षं त्यांनी फक्त रिकामा बर्फ पाहिला आहे.

आणि दुसरी गोष्ट. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी द्यायला खाली गेले. वर सामना जोरात. ते बर्फाखालून येणाऱ्या मोठ्या पाइपावर तळहात ठेवून उभे होते. मला म्हणाले, “डावीकडून निघाला. एकटाच आहे. मागचा दमला.” आणि थोड्या वेळाने, “गेली आत.” त्यानंतर वरून गर्दीचा आवाज आला, ओन्नी. आधी त्यांचं बोलणं, मग आवाज. माझ्या हातातली पेस्टी तशीच राहिली. मी चर्चमध्ये इतकी वर्षं बसते, पण असं अंगावर काटा येणं मला तिथे झालेलं नाही.

टेलिव्हिजन आला तर माझा संच मी ढकलगाडीवर घालून त्या खोलीत नेणार. एक सामना तरी त्या माणसाने डोळ्यांनी पाहावा. एवढंच मागणं आहे. आता नाही म्हण, मी परत विचारणार नाही.

व्हिएनो मावशी

*

मिलवॉकी
१५ नोव्हेंबर १९६७

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पाइपाचं मला माहीत नव्हतं. चार वर्षं मी त्यांच्या डोक्यावर खेळलो आणि मला माहीत नव्हतं.

मिस्टर डॅलबर्ग तयार झाले आहेत. दोन सामने, ९ डिसेंबर आणि १० फेब्रुवारी, दोन्ही शनिवारी दुपारी. त्यांची अट एकच. बर्फाच्या बरोबर मध्यभागी कंपनीचा बूट रंगवायचा, आठ फूट उंच, आमच्या गडद तपकिरी-लाल रंगात, पूर्ण भरलेला. रंगाचा डबा वेगळा पाठवला आहे. साहेबांना पडद्यावर बूट दिसला पाहिजे, बाकी कोण जिंकतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

माझं नाव बाबांना सांगू नकोस. कंपनीचा कुणी माणूस, एवढं पुरे. मी राग सोडला असा अर्थ काढू नकोस. एकतीस वर्षं फार झाली, एवढंच.

ओन्नी

*

कॉपर पॉइंट
११ डिसेंबर १९६७

ओन्नी बाळा,

तुला तार मिळाली असेलच, तरी घडलं तसं सांगते.

टीव्हीवाले सकाळी आले, एवढाले दिवे छताला टांगले. अख्खी इमारत उन्हाळ्यासारखी उजळली. म्हातारा निकुला मला म्हणाला, “व्हिएनो, मला माझ्या बायकोच्या चेहऱ्यावरचे तीळ आज पहिल्यांदा दिसले,” आणि तिने त्याला तिथेच कोपराने ढोसलं. मुलं बर्फावर आली तेव्हा ते फार सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या सत्रात मधला बर्फ मऊ पडला. बरोबर तुमच्या बुटावर. रबराची चकती तिथे येऊन चिखलात बसावी तशी बसायची. आमच्या कर्णधाराच्या स्केटचं पातं रुतलं आणि तो तोंडावर आपटला. तुझे बाबा बादलीत बाहेरचा बर्फ भरून धावत वर आले, दोघातिघांनी मिळून तो बूट थोपटला, पण दिवे चालू आहेत तोवर उपयोग नव्हता. पंचांनी खेळ थांबवला. टीव्हीवाल्यांनी चित्र बंद करून हवामानाचा नकाशा लावला.

माझा संच खाली नेला होता. तुझे बाबा त्याच्याकडे बघायला उभेच राहिले नाहीत. पहिल्या सत्रात यंत्राचा काटा चढत होता म्हणून ते त्याच्याशी झगडत होते, आणि नंतर हे असं.

साहेब काय म्हणतात ते कळव. मी जीव मुठीत धरून बसले आहे.

व्हिएनो मावशी

*

मिलवॉकी
१५ डिसेंबर १९६७

मावशी,

साहेब म्हणतात की कंपनीचा बूट म्हणजे चिखलाचा खड्डा, असं तीन जिल्ह्यांनी पाहिलं. फेब्रुवारीचा सामना त्यांनी जवळपास रद्द केला आहे.

मला एकच विचारायचं आहे. ज्या माणसाला पाइपावर हात ठेवून कोण दमलाय ते कळतं, त्याला गडद रंगावर दिवे पडले की बर्फ मऊ होतो हे कळत नव्हतं? कळत असणार. मग त्याने सांगितलं का नाही? कंपनीतला माणूस कोण आहे याचा त्याला पत्ता लागला असेल, तर हे माझ्यासाठीच होतं असं मी समजतो.

ओन्नी

*

कॉपर पॉइंट
२० डिसेंबर १९६७

ओन्नी,

चूक माझी आहे. तू जेवढं मला बोलशील तेवढं कमी.

रंगाचा डबा आला तेव्हा समितीचे आम्ही सगळे तिथे होतो. तुझ्या बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि म्हणाले, “गडद आहे.” आम्ही थांबलो. ते आणखी काही बोलले नाहीत. आता तू इथलाच आहेस, तुला सांगायला नको. आपल्याकडे एखाद्याने एकदा सांगितलं की त्याला परत विचारणं म्हणजे तो खोटं बोलतो म्हणण्यासारखं. आणि तुझ्या बाबांच्या मते त्यांनी सगळं सांगून झालं होतं. कोणी तुझ्या बाबांकडे बघत म्हणालं, “रंग आवडला वाटतं ताउनोला.” आणि आम्ही ब्रश घेतले. चाळीस वर्षं मी त्या माणसाला ओळखते, त्यांचे दोन शब्द म्हणजे दुसऱ्याचं अर्ध्या तासाचं भाषण, हे मला माहीत असून मी तोंड उघडलं नाही. देणाऱ्याला दुखवायचं नाही म्हणून.

काल मी खाली जाऊन त्यांना सरळ विचारलं. हा उद्धटपणा मी साठीनंतरच करू शकले. म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?” म्हणाले, “सांगितलं की.” म्हटलं, “आता काय करायचं?” बराच वेळ काटा बघत राहिले. मग म्हणाले, “लोकर.”

मी तिथेच बसले, उठले नाही, म्हणून बाकीचं कळलं. पूर्वी रंग नव्हते तेव्हा बर्फातल्या रेघा लोकरीच्या धाग्याने घालत. धागा ठेवायचा, वर कोमट पाण्याचे थेंब, तो गोठून बसतो. मग वरून बारीक फवारा, थरावर थर. बूट पांढराच ठेवायचा, फक्त कड लोकरीची. धागा इतका बारीक की त्याला दिव्यांची ऊब लागत नाही. कड असली की कॅमेऱ्याला बूट दिसतोच.

कंपनीचा माणूस कोण हे त्यांना ठाऊक नाही. देवाशपथ.

तुझ्या साहेबांना हे पटवणं आता तुझ्याकडे. तीच एक संधी आहे, ओन्नी. एप्रिलनंतर ती खोलीच राहणार नाही.

व्हिएनो मावशी

*

मिलवॉकी
९ जानेवारी १९६८

मावशी,

मी तुझी आणि त्यांची माफी मागतो. त्यांची मागताना नाव न घेता माग.

साहेबांना पटवल्याची गोष्ट ऐक, तुला हसू येईल. ते ऐकूनच घेईनात. “भरलेला बूट म्हणजे भरलेला बूट,” एवढंच. मग मी घरच्या फ्रीजमधून बर्फाची दोन ताटं नेली. एकात आमच्या रंगाचा पुठ्ठा गोठवलेला, दुसऱ्यात नुसता लाल धागा. त्यांच्या महागड्या टेबलावर ठेवली आणि टेबलावरचा दिवा वाकवून दोन्हींवर धरला. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. वीस मिनिटं गेली. पुठ्ठ्यावर तळं झालं आणि साहेबांच्या कागदांवर आलं. धाग्याचं ताट जसंच्या तसं. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, “हे कुणी सांगितलं तुला?”

मी म्हटलं, “तिथे एक माणूस आहे. त्याला बर्फ कळतो.”

साहेबांनी ओला रुमाल पिळला आणि सही केली. १० फेब्रुवारी नक्की.

ओन्नी

*

कॉपर पॉइंट
११ फेब्रुवारी १९६८

ओन्नी बाळा,

कालचं सगळं डोळ्यांत असतानाच लिहिते आहे. चर्चहून आले ती कोटसुद्धा न काढता बसले.

गुरुवारी आम्ही अकरा बायका गुडघ्याखाली उशा घेऊन बर्फावर बसलो. तुझ्या बाबांनी खडूने बूट आखून दिला होता. मी धागा ठेवायचा, हेल्मीने किटलीतून थेंब सोडायचे, तिसरीने बोट दाबून धरायचं. आमच्यातली सगळ्यात लहान छप्पन्न वर्षांची. उठताना एकीने दुसरीला ओढलं आणि दोघी बसल्या. तुझे बाबा कडेला उभे, एकदा मात्र आले, टाचेजवळचा धागा केसभर सरकवला, आणि गेले. रात्रभर त्यांनी फवारे मारले. सकाळी आम्ही पाहिलं तर बूट बर्फाच्या आत, कुणीतरी काचेखाली ठेवावा तसा. हेल्मी म्हणाली, “आपण केलंय हे,” आणि डोळे पुसायला लागली.

बर्फ शेवटपर्यंत टणक राहिला. दिवे होते, दोन हजार माणसं होती, कड जागची हलली नाही. पहिलं सत्र संपल्यावर तुझे बाबा गाडी घेऊन वर आले तेव्हा ते खाली नेऊन ठेवलेल्या माझ्या संचाकडे पाहत नाहीत की काय अशी मला भीती वाटली, म्हणून दुसऱ्या सत्रात मी पेस्ट्यांचं दुकान हेल्मीवर टाकून खाली गेले.

ते संचासमोर उभे होते. टोपी काढून छातीशी धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी. दुसरा हात पाइपावर. मी आल्याचं त्यांना कळलं नाही असं मला वाटलं. पडद्यावर आपला एक मुलगा डावीकडून निघाला आणि इकडे त्यांची बोटं पाइपावर हलली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “व्हिएनो, किती पळतात गं ही पोरं.” थोड्या वेळाने, “मला वाटलं नव्हतं एवढं असतं.”

ओन्नी, मी त्या माणसाला माझ्या बहिणीच्या मयताला रडताना पाहिलं नाही. काल पाहिलं.

मग मी शब्द मोडला. म्हटलं, “कंपनीचा माणूस तुमचा ओन्नी आहे.” त्यांनी काटा पाहिला, झडप एक फेरा फिरवली, संच बघितला. सामना संपला, आपण जिंकलो. शेवटी मी जायला निघाले तर म्हणाले, “तुझ्याकडे कागद आहे का?”

मी पेस्ट्या गुंडाळायचा कागद दिला. स्वच्छ होता. आता पुढचं तुझं तू.

व्हिएनो मावशी

*

कॉपर पॉइंट
१८ फेब्रुवारी

ओन्नी,

मला पत्र लिहिता येत नाही. आठ दिवस लागले.

टेलिव्हिजन पाहिला. बर्फ मी करतो, पण तो कशासाठी करतो हे मला माहीत नव्हतं. मुलं त्यावर असं काही करत असतील असं वाटलं नव्हतं. तू पैसे मिळवून दिलेस असं व्हिएनोने सांगितलं. चांगलं केलंस.

तुझे सामने मी पाहिले नाहीत हे खरं आहे. पण तू वर असलास की मला कळायचं. तू डाव्या पायावर जास्त भार टाकायचास. वळताना दोनदा खरखर व्हायची, दुसऱ्या कुणाची होत नव्हती. चोपन्न सालच्या जानेवारीत तू लांबच्या कोपऱ्यात पडलास. मी आकडे मोजले. सातला उठलास. त्या वर्षी तू अकरा वेळा चकती आत घातलीस. पेपरात दहा लिहिलं होतं, ते चूक आहे. एक तुझ्या स्केटच्या पात्याला लागून गेली होती, पंचाला दिसलं नसेल.

पालकांच्या दिवशी पंपाचा पट्टा सुटत होता. मी त्याला फळी लावून अंगाने दाबून उभा होतो. सोडलं असतं तर बर्फ मऊ झाला असता आणि तुमचा शेवटचा सामना थांबला असता. कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी थांबवलाच असता. व्हिएनोची टाच वाजली, तुझ्या शेजारी उभी राहिली ते कळलं. मला वाटलं, नंतर सांगेन. नंतर तू गेलास.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढं मला आता समजलं आहे.

९ मार्चला शेवटचा सामना. १० तारखेला रविवारी दुपारी मी यंत्र बंद करणार. सकाळी बर्फ रिकामा असेल. मी शनिवारी रात्री तो चांगला करून ठेवीन. लोकांची गर्दी नसली की यंत्र तासभर एकटं चालतं.

स्केट आणू नकोस. तुझे इथेच आहेत, झडपेमागच्या खुंटीला. दरवर्षी धार लावली आहे.

या वेळी मी वर बसेन.

बाबा